तळपाय दाखवा

आत्याच्या पायाची नखं हल्ली मीच कापते. तिला खाली वाकवत नाही आणि दुसऱ्या कुणी पायाला हात लावलेला तिला चालत नाही. कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवायचे, नखं जरा मऊ पडली की टॉवेलवर पंजा घेऊन बसायचं. वयाबरोबर ही नखं इतकी जाड होतात की नेलकटरच्या तोंडात मावतच नाहीत. कडेकडेने थोडं थोडं कुरतडत जावं लागतं. त्या दिवशी उजव्या अंगठ्याचं नख पुसून कोरडं केलं आणि एक काळपट पट्टा दिसला. चोळून पाहिला, गेला नाही. पाय उजेडाकडे वळवून पाहिला. डाग नखावर नव्हता, नखाच्या आत होता. मध्ये गडद, कडेला लालसर, की तसं माझ्याच डोळ्यांना वाटत होतं कोण जाणे. "हे कधीपासून गं आत्या?" "काय?" "हे काळं." तिने चष्मा लावला, पाय जवळ ओढायचा प्रयत्न केला, गुडघ्याने नकार दिला. "दार लागलं असेल." "कुठलं दार?" "आता दारांचा हिशोब ठेवू का मी? काप तू."

कापली. पण तो पट्टा काही डोक्यातून जाईना.

नखातल्या काळ्या रेघेबद्दल मी अर्धवट काहीतरी वाचलेलं होतं, आणि अर्धवट वाचलेलं माणसाला झोपू देत नाही. सावळ्या आणि काळ्या त्वचेच्या लोकांच्या नखांत अशा उभ्या रेघा अगदी सर्रास असतात, बऱ्याचदा एकाहून जास्त बोटांत, आणि बहुतेक वेळा त्यांचं काही नसतं. डॉक्टर सावध होतात ते रेघ एकाच नखात असेल तेव्हा, त्यातही हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यात. ती रुंद होत चालली असेल, रंग ठिकठिकाणी वेगळा असेल, आणि विशेषतः काळेपणा नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीवर उतरला असेल तेव्हा. हे शेवटचं लक्षण एकोणिसाव्या शतकात जोनाथन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने नोंदवलं, अजूनही त्याच्याच नावाने ओळखलं जातं. उलट, मार लागून साकळलेलं रक्त असेल तर ते नखाबरोबर पुढे सरकत जातं. आता पायाच्या अंगठ्याचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. म्हणजे डाग सरकतोय की नाही हे घरच्या घरी ठरवायचं तर महिने जाणार, आणि नख मुळापासून टोकापर्यंत पूर्ण बदलायला वर्ष-दीड वर्ष. एवढा धीर माझ्याकडे नव्हता. आत्याकडे होता, पण तिला मी विचारलं नाही. "चल, जरा दाखवून येऊ," म्हटलं. "नखासाठी डॉक्टर?" हे तिने रिक्षात बसेपर्यंत आणि बसल्यावरही म्हटलं.

त्वचेच्या डॉक्टर तरुण होत्या, मोकळं बोलणाऱ्या. नखावर जेलचा थेंब टाकून त्यांनी त्यावर डर्मोस्कोप टेकवला. भिंग आणि दिवा एकत्र असलेलं, मुठीत मावणारं हे यंत्र. साधारण दहापट मोठं दाखवतं आणि वरची चकाकी काढून टाकत असल्यामुळे त्वचेच्या थोडं आतलंही दिसू देतं. "जुनं रक्त आहे," त्या म्हणाल्या, "आणि हे बघा, मुळाकडून स्वच्छ नख यायला लागलंय." मलाही त्यांनी पाहू दिलं. लालसर जांभळे गोल ठिपके, एकमेकांना चिकटलेले, आणि त्यांच्या मागे खरोखरच कोऱ्या नखाची एक अरुंद चंद्रकोर. म्हणजे दार लागलंच होतं. आत्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी इथे वर्णन करणार नाही. ती पदर सावरून उठायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "आलाच आहात तर बाकीचंही बघून घेऊ. आजी, तळपाय दाखवा."

तळपाय आत्याने उभ्या आयुष्यात कुणाला दाखवले नसतील. तिने ते दाखवले, पण तोंड भिंतीकडे करून. मग बोटांच्या बेचक्या. मग तळहात, हातांची नखं. कंगव्याने भांग पाडत पाडत डोक्याची कातडी, कानांच्या मागची बाजू, ओठ उलटून आतून, पाठ. डॉक्टरांचा हात सगळीकडून सारख्याच वेगाने फिरत होता, घाई नाही आणि रेंगाळणंही नाही. मी खुर्चीत बसून पाहत होते आणि मनात येत होतं, की ज्या बाईच्या कडेवर मी लहानपणी तासन्‌तास असायचे तिची पाठ मी आज पहिल्यांदा पाहतेय. पाठीवर दोन लासे, खांद्याखाली भाजल्याचा एक पांढुरका वण. "हा कशाचा?" "लहानपणीचा. उकळतं पाणी." वणावरून त्यांनी दोनदा बोट फिरवलं, कुठे कडक लागतं का, कुठे जखम उघडलीय का ते पाहिलं, आणि पुढे गेल्या. हे सगळं झाल्यावर हात धुवायला वळता वळता त्या थांबल्या. "आणि हा नाकावरचा तीळ?"

"तो जुनाच आहे," आत्या म्हणाली, आणि मीही तेच म्हणाले, एकाच वेळी.

"जुना म्हणजे किती जुना?"

यावर आम्हा दोघींकडे उत्तर नव्हतं. डाव्या नाकपुडीच्या वरच्या अंगाला, चष्मा टेकतो त्याच्या जरा खाली, तो काळा उंचवटा होता. तिचा चेहरा डोळ्यांसमोर आणला की तो तिळासकटच येतो. डॉक्टरांनी दोन बोटांनी आजूबाजूची कातडी ताणून धरली, आणि मग मला जे दिसलं ते आधी कधीच दिसलं नव्हतं: काळ्या रंगाच्या कडेने मोत्यासारखी झाक, तिच्यावरून गेलेल्या केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्या, आणि मधोमध एक खळगा, त्यात वाळलेली खपली. "यातून रक्त येतं?" "तोंड पुसताना टॉवेलला लागतं कधीतरी. मग बरं होतं." "आणि पुन्हा येतं?" "येतं. पण बरं होतं ना!" डॉक्टरांनी मान हलवली. बेसल सेल कार्सिनोमा नावाच्या कॅन्सरची हीच रीत आहे. रक्त येतं, खपली धरते, बरं झाल्यासारखं वाटतं, पुन्हा रक्त येतं. दुखत नाही. घाई करत नाही. गोऱ्या त्वचेवर तो गुलाबी, चकचकीत पुटकुळीसारखा दिसतो. सावळ्या त्वचेवर त्यात बऱ्याचदा काळा रंग उतरलेला असतो, म्हणून तो तीळ किंवा मस समजला जातो. साठीनंतर चेहऱ्यावर नव्याने आलेला 'तीळ' हा तीळ असण्याची शक्यता तशी कमीच, असं त्या अगदी सहज म्हणाल्या. टोचून छोटासा तुकडा काढून तपासणीला पाठवला.

रिपोर्ट यायच्या मधल्या दिवसांत मी फोटो काढून बसले. कपाटातले, फोनमधले, कुणाकुणाकडून मागवलेले. फोटो पाहायची ही पद्धत फार विचित्र असते. माणसं, कपडे, हसणं, मागचं घर, कशाकडेच लक्ष जात नाही. नजर सरळ नाकाच्या डाव्या बाजूला. एका फोटोत आत्या माझ्या धाकट्या भावाला उचलून उन्हाकडे तोंड करून हसतेय. डोळे बारीक झालेत, नाकाची डावी बाजू लख्ख उजेडात आहे, आणि तिथे काही नाही. नितळ. त्यानंतरच्या बऱ्याच फोटोंतही नाही. मग एकात जेमतेम दिसेल असा ठिपका, फोकस हलल्यासारखा. मग प्रत्येकात. ज्याला आम्ही जन्मापासूनचा समजत होतो तो तीळ आमच्या सगळ्यांच्या देखत, आमच्याकडे बघून हसणाऱ्या चेहऱ्यावर उगवला होता. मला त्या फोटोंचा थोडा रागच आला. आणि गंमत म्हणजे, त्याच फोटोंकडे बघून आम्ही घरच्यांनी शंभर वेळा चर्चा केली असेल: या फोटोत काळी आलीस, त्यात उजळ दिसतेस, हिचं ऊन लागून पार रापलंय.

कातडीकडे आपण बघतो ते एवढ्याचसाठी. रंगासाठी. उजळ, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा, रापलेला: भाषा केवढी बारकाव्याची आहे आणि सगळी एकाच गोष्टीभोवती. आरशासमोर रोज उभं राहणारा माणूस डागांना वैतागतो, ते लपवतो, त्यांच्यावर क्रीम चोपडतो. पण गेल्या वर्षी हा डाग इथे होता का, एवढंच काय ते विचारत नाही. सनस्क्रीनसुद्धा विकलं जातं ते गोरेपण राखायच्या आश्वासनावर. ज्या बाटलीचा खरा उपयोग कातडीच्या पेशी वाचवण्याचा, तिच्यावर चेहऱ्याच्या चार छटा छापलेल्या असतात, डावीकडून उजवीकडे उजळत जाणाऱ्या. माझं मत विचाराल तर त्या छटांनी या विषयाचं जेवढं नुकसान केलंय तेवढं उन्हानेही केलं नसेल. (थोडी अतिशयोक्ती आहे, पण राहू दे.)

ऊन करतं काय, हे मी त्या दिवसांत नीट समजून घेतलं. सूर्याकडून येणाऱ्या अतिनील किरणांतला सर्वांत घातक भाग वातावरणातला ओझोन अडवतो. जमिनीवर पोचतात त्यांतले सुमारे ९५ टक्के यूव्हीए, उरलेले यूव्हीबी. यूव्हीबी पेशीतल्या डीएनएवर थेट घाला घालतात: शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटून बसतात. पेशी मुकाट बसत नाही. चिकटलेला भाग ओळखायचा, दोन्ही बाजूंनी कापून काढायचा, तेवढाच तुकडा नव्याने भरायचा, असं दुरुस्तीचं काम अखंड चाललेलं असतं. ही यंत्रणा उलगडून दाखवल्याबद्दल अझीझ सँकार यांना २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, टोमास लिंडाल आणि पॉल मॉड्रिच यांच्यासह. जन्मतःच ही दुरुस्ती जमत नसलेली मुलं असतात, झेरोडर्मा पिग्मेंटोसम नावाच्या आजाराची. त्यांना कोवळ्या वयात त्वचेचे कॅन्सर होतात, दिवसाच्या उजेडात बाहेर पडणंच त्यांना परवडत नाही. बाकीच्या आपणा सगळ्यांची दुरुस्ती चालू असते, फक्त अधूनमधून एखादी चूक तशीच राहून जाते. वर्षानुवर्षांच्या अशा राहून गेलेल्या चुका साठत साठत कधीतरी एखादी पेशी बेबंद वाढायला लागते. आत्याच्या नाकावर जे उगवलं त्याची सुरुवात कुठल्या उन्हाळ्यात झाली हे कुणालाही सांगता येणार नाही. कदाचित मी जन्मायच्या आधी.

मग सावळी कातडी? आमच्या घरात हे ठाम होतं, की हे सगळे गोऱ्या लोकांचे आजार. त्यात तथ्य नाही असं नाही. मेलॅनिनचे, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या द्रव्याचे, कण पेशीत केंद्रकाच्या वरच्या, उन्हाकडच्या बाजूला गोळा होऊन बसतात आणि आतल्या डीएनएवर येणारे किरण झेलतात. त्यामुळे गडद त्वचेच्या लोकांत त्वचेचे कॅन्सर कितीतरी कमी, हे खरंच. पण कमी म्हणजे शून्य नाही. शिवाय २०१५ मध्येच येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की मेलॅनिन राखण करतं तसंच ऊन संपल्यावरही काही तास, अंधारात, ते स्वतःच डीएनएच्या नुकसानीला हातभार लावू शकतं. म्हणजे राखणदारही अगदी सरळ नाही. आणि खरी अडचण वेगळीच आहे. गडद त्वचेत मेलानोमा, म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा तो आक्रमक कॅन्सर, बहुधा उघड्या अंगावर येतच नाही. तो येतो तळपायावर, तळहातावर, नखाखाली. जिथे ऊन फारसं पोचत नाही आणि नजरही. जमैकाचा गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्यात १९७७ साली सापडला तो याच जातीचा होता. आधी ती फुटबॉल खेळताना झालेली दुखापत वाटली होती. ११ मे १९८१ रोजी तो गेला, वय ३६. यावर सनस्क्रीनचा उपाय नाही. यावर उपाय एकच, तळपाय बघणं.

डॉक्टरांनी भाजल्याच्या वणावरून दोनदा बोट का फिरवलं, तेही मला नंतर कळलं. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा त्वचेचा दुसरा नेहमीचा कॅन्सर. उन्हामुळे तो कानाच्या पाळीवर, खालच्या ओठावर, टक्कल पडलेल्या डोक्यावर, हाताच्या पाठीवर येतो. पण गडद त्वचेच्या लोकांत तो बरेचदा जुन्या भाजल्याच्या वणात किंवा वर्षानुवर्षं न भरणाऱ्या जखमेत येतो. खरखरीत, खपलीचा, कधी चामखिळीसारखा उंच. वैद्यकाच्या पुस्तकांतली चित्रं मात्र वर्षानुवर्षं बहुतांशी गोऱ्या त्वचेची राहिली. 'लालसर चट्टा' असं लिहिलेलं असतं. सावळ्या त्वचेवर ती लाली तपकिरी किंवा जांभळट दिसते. म्हणजे न शिकलेल्या माणसालाच नव्हे, शिकलेल्यालाही चुकायला भरपूर वाव.

रिपोर्ट बेसल सेल कार्सिनोमाचाच आला. आत्याने एकच विचारलं, "कॅन्सर म्हणजे कॅन्सरच ना?" डॉक्टरांनी हो म्हटलं आणि मग खुर्ची पुढे ओढून सावकाश सांगितलं, की हा अंगभर पसरत नाही म्हटलं तरी चालेल, इतकं ते दुर्मिळ आहे, पण जागच्या जागी तो पोखरत जातो. नाकावर सोडून दिला तर नाकाची कूर्चा खाईल, डोळ्याच्या कोपऱ्याकडे सरकेल. आज काढला तर छोटा छेद. आत्याला यातलं 'आज' तेवढं आवडलं नाही. मला मात्र एकाच वेळी हायसंही वाटत होतं आणि पोटात गोळाही येत होता, आणि त्यात जरा हसूही, कारण ज्या नखासाठी मी रात्री जागले त्यात काही नव्हतं आणि ज्या तिळाचे मी लहानपणी मुके घेतले असं मला छातीठोक आठवत होतं, तो त्या काळात अस्तित्वातच नव्हता.

आता मी बघते. रोज नाही; रोज बघणाऱ्याला बदल कळत नाही. महिन्यातून एखादवेळ, अंघोळीनंतर, चांगल्या उजेडात. तिळांसाठी डॉक्टरांची एक जुनी पडताळणी आहे, न्यूयॉर्क विद्यापीठातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९८५ मध्ये मांडलेली, २००४ मध्ये तिला पाचवा मुद्दा जोडला गेला: मधून रेघ मारली तर दोन अर्धी सारखी आहेत का, कड रेखीव आहे की फाटलेली, रंग एकच की तीन-चार, आकार सहा मिलिमीटरच्या पुढे गेलाय का, आणि तो बदलतोय का. या पाचांत मला शेवटचा सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण पहिले चार धड असूनही तीळ वाईट निघू शकतो. काही मेलानोमा तर काळे नसतातच, गुलाबी असतात. दुसरी एक सोपी खूण मला पटली. प्रत्येक माणसाचे तीळ एकाच घराण्यातले असावेत तसे सारखे असतात. जो त्या घराण्यात बसत नाही तो दाखवायचा. आणि कुठलीही जखम, फोड, खपली चार आठवड्यांत बरी झाली नाही, किंवा बरी होऊन तिथेच पुन्हा उघडली, तर तिला 'लागलं असेल' म्हणून सोडायचं नाही. मेलानोमाच्या बाबतीत सगळा खेळ मिलिमीटरचा असतो. १९७० मध्ये अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकन पॅथॉलॉजिस्टने दाखवून दिलं, की गाठ त्वचेत किती खोल गेलीय त्या जाडीवर पुढचं जवळजवळ सगळं ठरतं. एक मिलिमीटरच्या आत असताना तो बहुतेकदा नुसता कापून संपवता येतो. एक मिलिमीटर किती असतो हे मी पट्टीवर पाहिलं, आणि पट्टी परत ठेवून दिली.

पाठीचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच. आपली पाठ आपल्याला दिसत नाही. दोन आरसे, फोनचा कॅमेरा, सगळं करून पाहिलं. मान अवघडते आणि डावं-उजवं उलटंपालटं होतं. त्यापेक्षा जवळच्या माणसाला सांगावं हे बरं. आमच्याकडे आता पाठीचे फोटो निघतात, शेजारी पट्टी धरून. पहिल्यांदा हे करताना दोघी इतक्या हसलो की फोटो हललेले आले.

उन्हाबद्दलच्या माझ्या कल्पनाही एकेक करून मोडीत निघाल्या. ऊन 'लागतं' तेव्हा आपल्याला जाणवते ती उष्णता, आणि अतिनील किरण उष्णता म्हणून जाणवत नाहीत. गार वारा सुटलेला असताना, पातळ ढग असताना, डोंगरावर, बर्फात ते आपलं काम करत असतात. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो, आणि दर हजार मीटर उंचीमागे त्यांचा मारा १० ते १२ टक्क्यांनी वाढतो. काच यूव्हीबी बहुतांशी अडवते, यूव्हीए नाही. २०१२ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात ट्रक चालवणाऱ्या एका माणसाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं ट्रक चालवलेला, वय ६९. चेहऱ्याची उजवी बाजू त्या वयाच्या माणसाची असते तशी, आणि खिडकीकडची डावी बाजू जाड, लोंबलेली, खोल घड्यांची. एकाच कपाळाखाली दोन वयं. तो फोटो पाहिल्यापासून मी बसमध्ये कुठल्या खिडकीशी बसायचं याचा विचार करते, हे सांगायला संकोच वाटतो, पण करते. मोजायचंच असेल तर हवामानाच्या अंदाजात यूव्ही इंडेक्सचा आकडा असतो. तो तीन किंवा जास्त असला की सावली, कपडे, टोपी यांचा विचार करावा. आकडा नसेल तर स्वतःची सावली बघावी. ती आपल्यापेक्षा आखूड असेल तर ऊन कडक.

सनस्क्रीनच्या बाबतीत पुरावा म्हणावा असा एक प्रयोग आहे, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या नॅम्बर या गावातला. १९९२ पासून साडेचार वर्षं १६२१ रहिवासी. निम्म्यांनी रोज डोकं, मान, हात यांना सनस्क्रीन लावायचं, निम्म्यांनी आपल्या मर्जीने. रोज लावणाऱ्यांत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. पुढे दहा वर्षं नजर ठेवली तेव्हा मेलानोमाही निम्म्यावर: ११ विरुद्ध २२. बेसल सेलमध्ये, म्हणजे आत्याला झालेल्या प्रकारात, म्हणावा असा फरक पडला नाही. मला या प्रयोगाचा हा शेवटचा भाग आवडतो, कारण त्यामुळे बाकीच्यावर विश्वास बसतो. आणि हा प्रयोग गोऱ्या लोकांच्या गावातला आहे. सावळ्या त्वचेवर सनस्क्रीनने कॅन्सर किती टळतो याचा असा भक्कम पुरावा नाही, हेही सांगितलं पाहिजे. बाटलीवरचा एसपीएफ, म्हणजे सनस्क्रीन किती संरक्षण देतं तो आकडा, तपासताना ते दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम या हिशोबाने लावलेलं असतं, म्हणजे मोठ्या माणसाच्या अख्ख्या अंगाला ३५ मिलिलिटरच्या आसपास. आपण लावतो त्याच्या पाव ते निम्मं. तिसाचं सनस्क्रीन ९७ टक्के यूव्हीबी अडवतं आणि पन्नासाचं ९८. तेव्हा आकड्यामागे धावण्यापेक्षा दोन तासांनी पुन्हा लावणं जास्त उपयोगाचं. ऑस्ट्रेलियातच १९८१ मध्ये सिड नावाच्या एका कार्टून समुद्रपक्ष्याने टीव्हीवर गाणं म्हणत लोकांना शर्ट चढवा, सनस्क्रीन थापा, टोपी घाला असं शिकवलं. क्रम बघा. शर्ट पहिला. घट्ट विणीचा, गडद रंगाचा, लांब बाह्यांचा कपडा हा सगळ्यांत कमी कटकटीचा उपाय आहे, आणि तो दोन तासांनी पुन्हा लावावा लागत नाही.

पण हे सगळं लिहिताना एक गोष्ट टोचत राहते. सावलीत बसायचा सल्ला सावलीत बसता येणाऱ्यांसाठी असतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२३ मध्ये मिळून अंदाज मांडला, की मेलानोमा सोडून त्वचेच्या इतर कॅन्सरने होणाऱ्या दर तीन मृत्यूंपैकी जवळजवळ एक हा उन्हात काम केल्यामुळे होतो. रस्ता खणणारा, शेतात राबणारा, इमारतीवर चढलेला माणूस दुपारी बारा ते तीन घरात थांबू शकत नाही. त्याला टोपी, पूर्ण बाह्यांचा कपडा, कामाच्या जागी सावलीचा आडोसा आणि कामाच्या वेळा मागेपुढे करून देणं हे काम देणाऱ्याचं काम आहे, त्याच्या एकट्याच्या शहाणपणाचं नाही.

आत्याचं ऑपरेशन जागेवर भूल देऊन झालं. ती पूर्ण वेळ जागी होती आणि डॉक्टरांशी गप्पा मारत होती. बाहेर मला तिचा आवाज येत होता, शब्द नाही. काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ आहेत असा रिपोर्ट आला, टाके निघाले. आता तिथे एक तिरपी, फिकी रेघ आहे. ज्यांना माहीत नाही ते तिला विचारतात, "काहीतरी वेगळं दिसतंय, बारीक झालीस का?" डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी यायला सांगितलंय, कारण एक झाला त्याला दुसरा होण्याची शक्यता वाढते, आणि बाहेर पडताना रुंद काठाची टोपी. टोपीवरून आमची रोज जुंपते. पदर आहे की, असं तिचं म्हणणं. पदर पातळ आहे, असं माझं.

गेल्या आठवड्यात इमारतीला बाहेरून रंग द्यायचं काम सुरू झालं. परांचीवर उभा एक पन्नाशीचा माणूस आमच्या खिडकीशी आला, पाणी मागायला. आत्याने तांब्या दिला आणि तो पाणी पिऊन होईपर्यंत त्याच्या कानाकडे बघत राहिली. पाळीच्या वरच्या कडेला खरखरीत, पिवळट खपली होती. "अहो, कानाला काय झालंय?" "काही नाही आजी, लागलंय कशानं तरी." "कधी?" तो हसला. "ते कुठं ध्यानात राहतंय." "बरं होऊन परत येतं का?" आता तो हसायचा थांबला. येतं म्हणाला. बराच काळ झाला. डॉक्टरकडे जायचं तर दिवसाचं काम बुडतं. आत्याने मान मागे वळवून मला विचारलं, "त्या बाई संध्याकाळी किती वाजेपर्यंत असतात गं?" मी फोन लावला. साडेआठपर्यंत असतात. आत्याने त्याचं नाव विचारून घेतलं आणि सातची वेळ घ्यायला सांगितली.